इंटिग्रेशन नाही, आठवी-दहावीचं गणित अडतं

नमस्कार मंडळी. सीईटीचा निकाल लागला की आमच्या सांगलीत विश्रामबागेतल्या चहाच्या टपरीवरसुद्धा एकच चर्चा. वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजला नंबर लागतोय का? नाही लागला तर कुठं? फी किती, हॉस्टेलचं काय? पण पहिलं लेक्चर सुरू होईपर्यंत जे मोकळे दिवस मिळतात, त्यांचं काय करायचं हे कोणी बोलत नाही. आज ते बोलू.

बरीच पोरं या दिवसांत एम-वनचं, म्हणजे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणिताचं, पुस्तक आणून बसतात. माझं ऐकाल तर ते आत्ता कपाटात ठेवा. का, ते फळ्यावर दाखवतो.

(फळ्याकडे वळून)

एक भागिले, एक्स वर्ग अधिक 4 एक्स अधिक 13. याचं इंटिग्रेशन करायचंय. बारावीचंच गणित. आधी छेदाचे अवयव पडतात का बघू. 4 चा वर्ग 16, त्यातून 4 गुणिले 13 म्हणजे 52 गेले, उरले उणे 36. ऋण आलं, म्हणजे अवयव पडत नाहीत. मग पूर्ण वर्ग करा. 4 चे निम्मे 2, त्याचा वर्ग 4. तेरातले 4 तिकडं गेले, राहिले 9. छेद झाला कंसात एक्स अधिक 2, त्या कंसाचा वर्ग, अधिक 3 चा वर्ग. आता सूत्र लावा: एक तृतीयांश टॅन इन्व्हर्स, कंसात एक्स अधिक 2 हे सगळं भागिले 3, आणि पुढं अधिक सी. झालं.

यात बारावीचं किती होतं? शेवटची एक ओळ. विवेचक (ते उणे 36) आणि पूर्ण वर्ग, दोन्ही दहावीच्या वर्गसमीकरणातले. पोरगं अडतं ते 13 चे 9 कसे झाले इथं, आणि सांगतं काय, तर ‘सर, इंटिग्रेशन जमत नाही.’

यात सीईटीचाही हात आहे. 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न, समोर चार पर्याय. पर्याय घालून बघायचे, जमेल तो टिकवायचा. त्या परीक्षेपुरतं हे बरोबरच आहे, मीही तेच सांगेन. पण कॉलेजच्या पेपरात पर्यायांच्या भरवशावर राहता येत नाही. तिथं पायऱ्या लिहाव्या लागतात, आणि हात नेमका तिथंच आखडतो.

आता काटाकाटी. अंशात एक्स अधिक 5, छेदात एक्स. वरचा-खालचा एक्स उडवला, उत्तर 5! अहो, एक्सच्या जागी 1 घाला, 6 येतात. 2 घाला, साडेतीन येतात. 5 कुठाय? बेरजेतला एक तुकडा असा उडवता येत नाही, पूर्ण अंशाचा अवयव असेल तरच उडतो. तसंच वर्गमुळाचं. 3 चा वर्ग अधिक 4 चा वर्ग, याचं वर्गमूळ 5. सात नव्हे. शंका आली की साधा आकडा घालून बघायचा, एवढी एक सवय लावून घ्या.

बीकॉमवाल्यांनो, तुम्ही सुटला नाहीत. मार्केट यार्डात हळद समजा क्विंटलला 15,000 रुपये. भाव 20 टक्के पडला, मग 20 टक्के चढला. परत 15,000? नाही, 14,400. कारण दुसरे 20 टक्के 12,000 वर मोजले.

मग वाचायचं काय? बालभारतीची पुस्तकं. पीडीएफ फुकट मिळतात. आठवीतलं घातांक, विस्तार सूत्रं, अवयव; नववीतलं वास्तव संख्या आणि बहुपदी; दहावीतलं वर्गसमीकरण आणि त्रिकोणमिती. भूमिती आत्ता सगळी नको. अपूर्णांकांची बेरीज मात्र रोज, आणि मोबाईलचा कॅल्क्युलेटर लांब ठेवून. आठवीचं पुस्तक हातात बघून धाकटा भाऊ हसेल. हसू दे.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांना तर हे जास्तच लागतं. तिकडं लाप्लास ट्रान्सफॉर्म नावाचं गणित येतं आणि त्यात पार्शल फ्रॅक्शन, म्हणजे एका अपूर्णांकाचे सोप्या अपूर्णांकांत तुकडे पाडणं, सारखं करावं लागतं. हे एक करून बघा: अंशात 1, छेदात एस गुणिले कंसात एस अधिक 2. दोन तुकडे पाडा. मग एसच्या जागी 1 घालून मूळ राशी आणि तुमचं उत्तर ताडून बघा. दोन्हीकडं एक तृतीयांश आलं पाहिजे. नाही आलं, तर पायऱ्यांसकट कमेंटमध्ये टाका, कुठं घसरलं ते बघू.