ऑल-इन-वन : स्क्रीन टिकते, संगणक जुना होतो

नमस्कार. ऑल-इन-वन डेस्कटॉप आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. बँकेच्या काउंटरवर, दवाखान्याच्या रिसेप्शनला, चष्म्याच्या दुकानात. स्क्रीन आणि संगणक एकाच खोक्यात, वेगळा कॅबिनेट नाही, टेबलाखाली वायरींचा गुंता नाही. मला ही यंत्रं मनापासून आवडतात, आणि आवडतात म्हणूनच त्यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. ती आधीच सांगून टाकतो. चांगली स्क्रीन दहा वर्षं सहज चालते. आतला संगणक त्याच्या कितीतरी आधी मागे पडतो. दोघांना एकत्र बांधलं की जो आधी थकतो तो दुसऱ्यालाही भंगारात घेऊन जातो. या यंत्रांचा इतिहास मी आज त्या गाठीकडे बघतच सांगणार आहे.

सुरुवात १९७७ पासून करू. त्या वर्षी कमोडोर कंपनीने ‘पेट’ नावाचा संगणक आणला. ९ इंची स्क्रीन, कीबोर्ड आणि माहिती साठवायला कॅसेट प्लेअर, सगळं एकाच अंगात. चक पेडल हे त्याचे कर्ते. ज्या ६५०२ प्रोसेसरवर तो चालायचा, तोही त्यांच्याच गटाने घडवलेला. कमोडोरचा कॅनडात ऑफिसचं फर्निचर बनवण्याचा कारखाना होता, म्हणून पेटचं अंग प्लॅस्टिकचं न होता जाड पत्र्याचं झालं. कॅसेट प्लेअरने जागा खाल्ली म्हणून पहिल्या पेटचे कीबोर्डचे खटके कॅल्क्युलेटरसारखे बारके होते आणि त्यावर टायपिंग करणं जिकिरीचं होतं. पुढच्या मॉडेलांत कॅसेट बाहेर काढली, तेव्हा बोटांना जागा मिळाली. पण मला पेट आठवतो तो त्याच्या उघडण्यासाठी. स्क्रू काढले की वरचा भाग, स्क्रीनसकट, गाडीच्या बॉनेटसारखा वर उचलायचा. तो टेकवून ठेवायला आत दांडीसुद्धा दिलेली होती. सगळा बोर्ड समोर मोकळा. एक खोकं असणं म्हणजे बंद खोकं असणं, असं त्या माणसांच्या मनातही नव्हतं.

सात वर्षांनी ते चित्र उलटं झालं. २४ जानेवारी १९८४ ला ॲपलने मॅकिंटॉश दाखवला. ९ इंची काळी-पांढरी स्क्रीन, ५१२ गुणिले ३४२ बिंदूंची. १२८ किलोबाइट मेमरी, एक फ्लॉपी ड्राइव्ह, किंमत २,४९५ डॉलर. वर हात घालून उचलायला खाच. हा प्रकल्प १९७९ मध्ये जेफ रास्किन यांनी सुरू केला होता. सामान्य माणसाला परवडणारं, जोडाजोडी न करता चालू होणारं यंत्र त्यांना हवं होतं. १९८१ मध्ये सूत्रं स्टीव्ह जॉब्जकडे गेली, आणि त्यांचा आग्रह होता की वापरणाऱ्याने हे खोकं उघडायचंच नाही. स्क्रू खोल भोकांत, तेही साध्या पेचकसाने न निघणारे. एक्स्पान्शनसाठी, म्हणजे नंतर जादा कार्ड बसवायला, स्लॉट नाहीत. ज्यांनी ते उघडलं त्यांना आतल्या बाजूला, प्लॅस्टिकमध्येच उमटवलेल्या, बनवणाऱ्यांच्या सह्या दिसल्या. बहुतेक मालकांच्या नजरेला कधीच पडणार नाहीत अशा जागी केलेल्या त्या सह्या मला आजही हलवून जातात.

मॅकमध्ये पंखा नव्हता. जॉब्जना आवाज नको होता. आता ऑल-इन-वनमध्ये काय होतं, ते इथे नीट समजून घेऊ. त्या काळची स्क्रीन म्हणजे पिक्चर ट्यूब. तिला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि तो तयार करणारी सर्किटं भरपूर तापतात. मॅकमध्ये ट्यूब चालवणारा भाग आणि सगळ्या यंत्राला वीज पुरवणारा भाग एकाच बोर्डावर होता. गरम हवा आपोआप वरच्या फटींतून निघून जाईल, असा हिशेब. उष्णता पुरेशी निघेना, आणि या बोर्डाचे सुटे भाग जळणं हे त्या पिढीचं ओळखीचं दुखणं झालं. लोक वरच्या फटींवर पुठ्ठ्याचं धुराडं बसवून हवेचा ओढा वाढवायचे, आणि अशी धुराडी विकतही मिळायची. १९८७ च्या मॅकिंटॉश एसई मध्ये पंखा आला, एक स्लॉटही आला. स्क्रीन आणि संगणक जवळ आणले की एकाचा ताप दुसऱ्याला सोसावा लागतो, हे तेव्हाच पुरतं दिसून आलं होतं.

१९९८ चा आयमॅक तुम्हाला माहीत आहे. निळसर पारदर्शक अंग, फ्लॉपी नाही, यूएसबी आणि इंटरनेट. त्याने ॲपलला सावरलं. पण आतून तोही ट्यूबचाच संगणक होता, म्हणून त्यावर जास्त थांबत नाही. खरा बदल सपाट एलसीडी आल्यावर झाला, कारण आता प्रश्न पडला की संगणक ठेवायचा कुठे? ट्यूबच्या मागे जागा आपोआप मिळायची, सपाट स्क्रीनच्या मागे ती नव्हती.

जानेवारी २००२ मध्ये ॲपलने नव्या आयमॅकमधून या प्रश्नाचं जे उत्तर दिलं, ते मला आजवरच्या सगळ्या ऑल-इन-वनमध्ये सर्वांत सुंदर वाटतं. खाली अर्धगोल बैठक, साधारण २७ सेंटिमीटर व्यासाची. त्यात बोर्ड, डिस्क, वीजपुरवठा, सगळं. त्यातून स्टीलचा दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला १५ इंची स्क्रीन. एका बोटाने वर-खाली, डावी-उजवी, आणि सोडाल तिथे ती थांबते. दिसायलाही दोन वेगळ्या वस्तू, पण एकजीव. स्क्रीन हलकी राहिली आणि उष्णता बैठकीत राहिली. मात्र स्क्रीन १७ आणि मग २० इंचांची झाली, तसं ते वजन तोलणं जड जाऊ लागलं.

२००४ च्या आयमॅक जी-५ ने दुसरा रस्ता धरला. संगणक सरळ स्क्रीनच्या पाठीला लावला, जाडी सुमारे ५ सेंटिमीटर. आज आपण जे ऑल-इन-वन पाहतो ते जवळपास सगळे याच घराण्यातले. पण या पहिल्या जी-५ ची पाठ मालकाने स्वतः उघडायची होती! तीन स्क्रू सैल केले की पाठ निघायची, आणि मेमरी, डिस्क, वीजपुरवठा बदलायच्या सूचना कंपनीच देत होती. त्या काळात अनेक उत्पादकांच्या यंत्रांत फुगणाऱ्या खराब कपॅसिटरची, म्हणजे बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या छोट्या भागांची, साथ आली होती. तिने या मॉडेललाही गाठलं आणि ॲपलला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. दुरुस्ती शक्य होती, कारण यंत्र उघडत होतं.

पुढे ते दार हळूहळू बंद झालं. २००७ ते २०११ च्या ॲल्युमिनियमच्या आयमॅकची पुढची काच लोहचुंबकाने धरलेली असे, रबरी कप लावून ओढली की निघे. २०१२ मध्ये कडा ५ मिलिमीटरवर आली. त्यासाठी काच आणि पॅनल एकसंध करून चिकटपट्टीने चिकटवले. २०२१ चा, ॲपलच्या स्वतःच्या एम-१ चिपवर चालणारा आयमॅक फक्त ११.५ मिलिमीटर जाड आहे. त्याचं इथरनेटचं, म्हणजे नेटवर्कच्या वायरीचं, सॉकेट बाहेरच्या पॉवर ॲडाप्टरमध्ये गेलं, आणि मेमरी तर प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली. विकत घेताना जेवढी घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. हे यंत्र वेगवान आहे, शांत आहे, वीज कमी खातं. हे सगळं खरं आहे, आणि तरी स्क्रीन आणि संगणकाच्या गाठीचा माझा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न कसा सुटू शकतो, हे याच कंपनीने दाखवलं होतं. २००९ च्या २७ इंची आयमॅकमध्ये एक सोय होती. दुसरा संगणक वायरीने जोडा, आणि आयमॅक त्याचा मॉनिटर होतो. संगणक जुना झाला तरी स्क्रीन कामाची. ही सोय २०१४ मध्ये ५-के स्क्रीन आली तेव्हा गेली. कारण तांत्रिक होतं आणि प्रामाणिकही. ५,१२० गुणिले २,८८० म्हणजे सुमारे १ कोटी ४७ लाख बिंदू. प्रत्येक बिंदूला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार करून बघा, सेकंदाला २१ गिगाबिटांच्या पुढे जातो. स्क्रीनला चित्र पोचवणाऱ्या त्या वेळच्या डिस्प्लेपोर्ट १.२ या जोडणीच्या एका वायरीतून चित्रासाठी जेमतेम १७ गिगाबिट जात. थंडरबोल्ट २ हा वेगवान जोडणीचा प्रकारसुद्धा २० वर थांबायचा. पण २०१७ च्या आयमॅकला थंडरबोल्ट ३ मिळाला, ४० गिगाबिटांचा. अडचण संपली. सोय मात्र परत आली नाही.

मार्च २०२२ मध्ये काय झालं बघा. ॲपलने २७ इंची आयमॅक बंद केला आणि त्याच दिवशी २७ इंची ५-के मॉनिटर १,५९९ डॉलरना आणला. तोवर त्याच आकाराचा आख्खा आयमॅक १,७९९ डॉलरपासून मिळत होता. स्क्रीनचं मोल केवढं असतं ते या दोन आकड्यांवरून कळतं, आणि तीच स्क्रीन जुन्या आयमॅकबरोबर टाकून दिली जाते. जगभरातले हौशी लोक आता असे आयमॅक उघडतात, आतला बोर्ड काढतात, त्या जागी डिस्प्ले चालवणारा छोटा बोर्ड बसवतात आणि मॉनिटर म्हणून वापरतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण हे काम कारखान्यात व्हायला हवं होतं. आणि दोष एकट्या ॲपलचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०१६ च्या सरफेस स्टुडिओची २८ इंची स्क्रीन देखणी होती, पण तिलाही बाहेरून चित्र देण्याची वाट नव्हती.

काहींनी वेगळा विचार केला. लेनोवोच्या टायनी-इन-वनमध्ये पुस्तकाएवढा संगणक मॉनिटरच्या पाठीत सरकवून बसवता येतो आणि काढताही येतो. डेलने २०१९ मध्ये ऑप्टिप्लेक्स अल्ट्रा आणला, त्यात संगणक स्टँडच्या आत लपतो. ही यंत्रं आयमॅकइतकी देखणी नाहीत, मान्य. पण संगणक बदला, स्क्रीन तीच ठेवा. शिवाय विंडोजच्या काही ऑल-इन-वनना एचडीएमआय-इन असं एक सॉकेट असतं, त्यातून बाहेरचं चित्र स्क्रीनवर घेता येतं.

तुमच्यापैकी कुणी शाळेची लॅब किंवा वाचनालय सांभाळत असेल आणि ऑल-इन-वन घ्यायचे ठरले असतील, तर निविदेत हे सॉकेट मागा. फक्त ‘एचडीएमआय’ लिहू नका, कारण बहुतेक यंत्रांना ते चित्र बाहेर पाठवण्यापुरतंच असतं. ‘इन’ हा शब्द हवा. आणि दुकानदार हो म्हणाला तरी आपला लॅपटॉप सोबत न्या, वायर जोडा, आणि ऑल-इन-वनचा आतला संगणक चालू न होतासुद्धा स्क्रीनवर चित्र येतं का, ते तिथेच तपासा.