भिंतीपलीकडची टकटक

श्रोतेहो, नमस्कार.

विद्यापीठात प्रवेश निश्चित झाला की घरोघरी एकाच प्रश्नावर खल सुरू होतो. रोज घरून ये-जा करायची, की विद्यापीठाच्या आवारातल्या वसतिगृहात राहायचे? या चर्चेत आधी खर्चाचा हिशेब मांडला जातो, नंतर अंतराचा, आणि शेवटी सुरक्षिततेचा. हे तिन्ही हिशेब मांडायलाच हवेत. परंतु आवारात राहण्याचा जो सर्वांत मोठा लाभ मला वाटतो, तो या तिन्हींपैकी एकाही रकान्यात बसत नाही. आवारात राहिल्याने आपल्याला अशा माणसांचा शेजार मिळतो, ज्यांची निवड आपण केलेली नसते, आणि तो शेजार वेळापत्रकाबाहेरच्या तासांत मिळतो. न निवडलेला शेजार, आणि वेळापत्रकाबाहेरचे तास. हे दोन शब्दप्रयोग कृपया ध्यानात ठेवा, कारण मला आज जे सांगायचे आहे ते सगळे यांच्याच आधाराने सांगणार आहे.

वेळेचा साधा हिशेब आधी करून टाकू. एका बाजूच्या प्रवासाला एक तास लागत असेल, तर दिवसाचे दोन तास जातात. वर्षातून दोनशे दिवस विद्यापीठात जायचे म्हटले तर ते ४०० तास होतात. ४०० तास म्हणजे रोज आठ तास अभ्यास करणाऱ्या माणसाचे पूर्ण ५० दिवस. शिवाय प्रवासाचा शीण असतो, आणि शेवटची गाडी चुकेल या धास्तीने ग्रंथालयातून अर्धे पान वाचायचे सोडून उठावे लागते, ते वेगळेच. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना तर हे अधिकच जाणवते. काही प्रयोगांच्या नोंदी दर चार तासांनी घ्याव्या लागतात, आणि त्यातली एक नोंद हमखास मध्यरात्रीनंतर येते. ज्याची खोली आवारात आहे, तो उठून नोंद घेऊन परत झोपू शकतो.

आता शेजाराकडे वळतो. शिकणाऱ्यांनी एकत्र राहावे ही कल्पना फार जुनी आहे. नालंदा येथे सातव्या शतकात ह्युएन त्संग राहून शिकला. तिथल्या उत्खननात सापडलेल्या विहारांची रचना पाहिली, तर मध्ये मोकळा चौक आणि त्याच्या चारही बाजूंनी लहान लहान खोल्या, अशीच ती आहे. ऑक्सफर्ड येथील मर्टन महाविद्यालयाची स्थापना १२६४ साली झाली. पुन्हा सांगतो, १२६४ साली. तिथेही मुख्यतः चौदाव्या शतकात उभा राहिलेला एक चौक आहे आणि त्याच्या भोवती राहण्याच्या खोल्या आहेत. या दोन ठिकाणांमध्ये अंतर प्रचंड, धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, तरीही नकाशा एकमेकांशी जुळतो. खोलीत एकटे बसून अभ्यास करावा, आणि दार उघडून बाहेर पडले की कोणी ना कोणी समोर यावे, असा तो नकाशा आहे.

हे समोर येणे किती प्रभावी असते, याचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत विवाहित विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या वसाहतीत लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तीन संशोधकांनी पाहणी केली, आणि तिचे निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले. तिथे कोणाला कोणते घर मिळेल हे राहणाऱ्यांच्या आवडीवर अवलंबून नव्हते. तरीही मैत्री सर्वाधिक जुळली ती लगतच्या दारांमध्ये, आणि चार दारे पलीकडे जाईपर्यंत तिचे प्रमाण बरेच घटले. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना वरच्या मजल्यावरचेही मित्र अधिक मिळाले, कारण वरची माणसे रोज त्यांच्या दारावरूनच जात होती. स्वभाव, आवडी, विषय यांचा वाटा असतोच, पण मैत्रीचा आरंभ बहुधा भिंतीने आणि जिन्याने होतो.

माझ्या बाबतीत तो भिंतीनेच झाला, आणि तीच हकीकत मला आज तुम्हाला सांगायची आहे.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी होतो. वसतिगृहातल्या पहिल्या आठवड्यात रोज रात्री अकराच्या सुमारास माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडून टकटक ऐकू येऊ लागे. बारीक, नेमकी, न थांबणारी टकटक. कोणी टेबलावर पेन्सिल आपटत असावे असे वाटे. तीन रात्री मी सहन केले, आणि चौथ्या रात्री तक्रार करण्यासाठी शेजारचे दार ठोठावले. आतून ‘या’ असा आवाज आला. दार ढकलले तर खोलीत मिट्ट काळोख होता, आणि टकटक चालूच होती. मी विचारले, “दिवा लावू का?” उत्तर आले, “तुम्हाला हवा असेल तर लावा. मला त्याची गरज पडत नाही.”

दिवा लावल्यावर दिसले की माझ्याच वयाचा एक मुलगा जाड कागद धातूच्या पट्टीत बसवून टोच्याने त्यावर टिंबे उमटवत होता. तो जन्मापासून अंध होता, कायद्याचे शिक्षण घेत होता, आणि दिवसभराच्या व्याख्यानांची टिपणे रात्री ब्रेल लिपीत उतरवत होता. टोच्याने ब्रेल लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहावे लागते, कारण टिंब कागदाच्या मागच्या बाजूला उठते, आणि कागद उलटा केला की तो डावीकडून उजवीकडे वाचता येतो, हे मला त्या रात्री समजले. ही लिपी घडवणारा लुई ब्रेल हाही पॅरिसमधल्या एका निवासी संस्थेतला विद्यार्थी होता, आणि १८२४ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने तिची मांडणी बव्हंशी पूर्ण केली होती, हेही त्यानेच मला सांगितले. मी तक्रार करायला गेलो होतो, ती तक्रार माझ्या तोंडून निघालीच नाही.

त्याची अडचण अशी होती की त्याच्या विषयाची बहुतेक पुस्तके ब्रेलमध्ये नव्हती. त्याचे वर्गमित्र त्याला वाचून दाखवायला तयार होते, परंतु त्यातले बहुतेक घरून येणारे होते आणि संध्याकाळी निघून जात. मी भिंतीपलीकडे होतो. मी म्हणालो, “रोज जेवणानंतर एक तास मी वाचत जाईन.” तो एक तास पुढे दोन वर्षे चालला.

पहिल्याच आठवड्यात त्याने मला थांबवले. तो म्हणाला, “तू स्वतःसाठी वाचतोस. माझ्यासाठी वाच.” मला अर्थ कळला नाही, तेव्हा त्याने समजावून सांगितले. डोळ्यांनी वाचणारा माणूस मागे जाऊन ओळ पुन्हा पाहू शकतो, पण ऐकणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून आकडा आला की तो दोनदा म्हणावा, लांब वाक्याच्या मध्ये जिथे विचार वळतो तिथे श्वास घ्यावा, आणि परिच्छेद संपला की क्षणभर गप्प राहावे, म्हणजे ऐकणाऱ्याला तो मनात ठेवायला जागा मिळते. आज मी तुमच्याशी ज्या रीतीने बोलतो आहे, ती रीत मला त्या खोलीत मिळाली. ओघाने आणखी एक सांगतो, कारण हे माझे जुने मत आहे: मोठ्याने आणि अर्थपूर्ण वाचणे ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला रीतसर शिकवली पाहिजे, आणि आपण ती प्राथमिक शाळेनंतर सोडून देतो हे चुकीचे आहे.

कायदा वाचता वाचता मलाही कायदा येऊ लागला. कराराच्या प्रस्तावाला टपालाने पाठवलेली स्वीकृती, ती पत्र टाकताच प्रस्ताव मांडणाऱ्यावर बंधनकारक का होते, यावर आम्ही एकदा रात्री एक वाजेपर्यंत वाद घातला. मग एके दिवशी त्याने विचारले, “तू मला माझा विषय वाचून दाखवतोस. तुझा विषय मला कसा कळणार?” मी विचारात पडलो. रसायनशास्त्रातले बरेचसे रंगांनी कळते, आणि रंग त्याच्या उपयोगाचे नव्हते. शेवटी मी तुरटीचे द्रावण केले, त्यात दोरे सोडले, आणि खोलीच्या खिडकीत भांडी ठेवून काही आठवडे स्फटिक वाढू दिले. त्यातले तीन निवडून त्याच्या हातात दिले. एक वाटाण्याएवढा होता, एक बोराएवढा, आणि तिसरा भांड्याच्या तळाशी वाढल्यामुळे एका बाजूने चपटा झालेला.

तो बराच वेळ काही बोलला नाही. आठही पृष्ठांवरून, प्रत्येक धारेवरून त्याची बोटे पुन्हा पुन्हा फिरत होती. मग तो म्हणाला, “यांचा आकार लहानमोठा आहे, हा एक तर दबलेला आहे. पण दोन पृष्ठे जिथे मिळतात तिथला कोन तिघांमध्येही तोच लागतो. असे का?”

श्रोतेहो, एकाच पदार्थाच्या स्फटिकांतील समान पृष्ठांमधले कोन, स्फटिक कितीही लहानमोठा किंवा वेडावाकडा वाढला तरी, बदलत नाहीत. हा स्फटिकशास्त्राच्या पायाचा नियम आहे, आणि त्याचा शोध निकोलस स्टेनो या डॅनिश अभ्यासकाने १६६९ साली, १६६९ साली, गारगोटीच्या स्फटिकांवरून लावला. हा नियम मी पुस्तकात वाचला होता, परीक्षेत लिहिला होता, त्याला गुणही मिळाले होते. परंतु तीन स्फटिक हातात घेऊन ‘असे का’ हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. तो कायद्याच्या विद्यार्थ्याला पडला, रात्री अकरा वाजता, वसतिगृहाच्या पलंगावर बसून. अणूंची मांडणी, त्यांचे थर, एकच रचना चहूकडे पुन्हा पुन्हा येणे, हे सगळे त्याला सांगता सांगता मला पहिल्यांदा नीट समजले.

आमच्या विद्यापीठात कायद्याची इमारत आवाराच्या एका टोकाला होती आणि रसायनशास्त्राची दुसऱ्या. एकही व्याख्यान आम्हाला समान नव्हते. मी घरून ये-जा करत असतो, तर दोन-तीन वर्षांत आमची एकदाही भेट झाली नसती.

इतरांच्या बाबतीतही असेच घडलेले आढळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्याबरोबर राहत होते. ती मैत्री जन्मभर टिकली, आणि पुढे १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा निघाले, तेव्हा भथेनांनी त्यांना पैशांची मदत केली.

वसतिगृहात गैरसोयी असतात हे मी नाकारत नाही. गोंगाट असतो, स्नानगृहासाठी थांबावे लागते, आजारपणात घर आठवते. मात्र आजारी पडल्यावर रेक्टरांना बोलावणारे आणि चुकलेली टिपणे उतरवून देणारे हातही त्याच व्हरांड्यात असतात. ज्यांच्यावर घरच्या माणसांची जबाबदारी आहे, त्यांना आवारात राहणे शक्य नसते, आणि विद्यापीठांनी अशा विद्यार्थ्यांसाठी रात्री उशिरापर्यंत बसता येईल अशी जागा राखून ठेवली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान पहिले वर्ष तरी आवारात काढावे. खोली निवडण्याची संधी मिळाली, तर लोक गोंगाटाच्या भीतीने जिन्यापासून दूरची खोली मागतात. तुम्ही जिन्याजवळची मागा. आणि पहिल्या वर्षी एकट्याची खोली मिळत असली तरी ती घेऊ नका.

माझा तो शेजारी आज वकिली करतो. त्याचे नाव मी सांगत नाही, कारण त्याला ते रुचणार नाही. तीन स्फटिकांपैकी चपटा त्याच्या टेबलावर असतो. माझे भाषण प्रसारित झाले की पाच मिनिटांच्या आत त्याचा फोन येतो, आणि कुठे श्वास चुकला, कोणता आकडा मी एकदाच म्हणालो, हे तो मला सांगतो. मर्टन महाविद्यालयाचे साल आणि स्टेनोचे साल मी आज दोनदा सांगितले, ते त्याच्यासाठी. आंबेडकरांचे साल एकदाच सांगून गेलो, तेव्हा आता सांगतो: १९१३.

नमस्कार.