जोतिबाच्या अंगानं आलेला उजेड

(दृश्य: रात्रीचं गुऱ्हाळ. चुलवाणातला जाळ, काहिलीवरून उठणारी वाफ. लांबवर जोतिबाच्या डोंगरावरचे दिवे.)

बातमी पसरली ती अशी. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात रात्री आकाशात मोठा उजेड दिसला. कुणी म्हणालं, तासभर एका जागी उभा होता. कुणी म्हणालं, जोतिबाच्या डोंगरावरून आला आणि डोक्यावर येऊन विझला. कुणाच्या मोबाईलवर व्हिडिओ आला होता, त्यात ढगाच्या पोटात पांढरी चकती फिरत होती. सकाळी डेअरीवर दूध घालायच्या रांगेत हाच विषय, आणि संध्याकाळपर्यंत गावात दोन पक्ष पडले होते. एकाच्या मते हा शत्रूचा ड्रोन, दुसऱ्याच्या मते परग्रहावरचं यान.

ज्यांनी तो उजेड खरोखर डोळ्यांनी पाहिला, ती माणसं मात्र गप्प होती. लोक हसतील, म्हणून.

या माहितीपटासाठी आम्ही त्यांच्याकडे गेलो. जाताना एक ठरवून गेलो: ‘काय होतं ते?’ असं कुणालाही विचारायचं नाही. तो प्रश्न कानावर पडला की माणूस पाहिलेलं बाजूला ठेवतो आणि ऐकलेलं सांगू लागतो. विचारायचं एवढंच: किती वाजता दिसला, कुठल्या अंगाला, किती उंचावर, किती वेळ. उत्तर तिथूनच निघतं.

(दृश्य: काहिलीत उसळणारा रस. गुळव्याचे हात.)

पंचगंगेच्या काठचं हे गुऱ्हाळ. इथले गुळव्या मामा आयुष्यभर याच कामात आहेत. त्यांनी जे सांगितलं ते शब्दाला शब्द असं:

“जोतिबाच्या अंगानं आला. आवाज न्हाई, लुकलुक न्हाई. सरळ वर चढला, डोक्यावर आला आन् जागच्या जागी इझला.”

किती वाजता? घड्याळ त्यांच्या हातात नसतं. पण काम त्यांच्या अंगात घड्याळासारखं भिनलेलं आहे. दुसरं आदण, म्हणजे काहिलीत उकळणारा रसाचा दुसरा घाणा, उतरायला आलं होतं. पाक पाण्यात टाकून गोळी बघायची, त्याच्या जरा आधी ते वाफेतून बाहेर वाऱ्याला आले. उजेड विझला तसा त्यांनी शेजारच्या गावातल्या मेव्हण्याला फोन लावला, तू पण बघितलास का म्हणून. तो फोन मोबाईलमध्ये नोंदलेला होता. संध्याकाळी ७ वाजून २९ मिनिटं.

आमच्या सगळ्या शोधात या नोंदीइतकी मोलाची वस्तू दुसरी सापडली नाही. ‘रात्री आठच्या सुमारास’ या शब्दांवर काहीच उभं राहत नाही. ७ वाजून २९ मिनिटं म्हटल्यावर त्या मिनिटाला आकाशात काय काय होतं, ते पडताळून बघता येतं.

(दृश्य: मामा अंगणात उभे राहून बोटानं आकाशात रेघ ओढतात. बाजूला स्टॉपवॉच.)

हात लांब करून मूठ धरली की आकाशातले साधारण १० अंश झाकले जातात. लहानथोर सगळ्यांना हे माप चालतं, कारण ज्याचा हात लांब त्याची मूठही मोठी. मामांनी मुठीवर मूठ ठेवून दाखवलं: पहिल्यांदा नजरेस पडला तेव्हा डोंगराच्या दोन मुठी वर. मग त्यांना म्हटलं, ज्या गतीनं तो गेला त्याच गतीनं आता बोट फिरवा. बोट डोक्यावर येऊन थांबेपर्यंत दोन मिनिटं उलटून गेली होती. विमान ओळखता येत नाही अशातला हा माणूस नाही. उजळाईवाडीच्या विमानतळावर ये-जा करणारी विमानं ते रोज बघतात. लाल-हिरवे दिवे, मागून येणारा आवाज, सगळं त्यांना पाठ आहे. यात त्यातलं काही नव्हतं, आणि त्यांच्या या शब्दावर आम्ही विश्वास ठेवला.

एकाच माणसाच्या सांगण्यावरून मात्र उजेड किती उंचावर होता, ते कळत नाही. अंधारात मागे काही आधार नसला की लहान जवळचा दिवा आणि मोठा लांबचा दिवा डोळ्याला सारखाच दिसतो. त्यासाठी दुसरी जागा लागते. ती मिळाली पन्हाळ्यावर.

(दृश्य: पन्हाळा. झुणका-भाकरीचं दुकान, बंद करायची आवराआवर.)

या मावशींनी त्याच सुमाराला, चूल विझवता विझवता, तोच उजेड पाहिला. त्यांनाही तो जवळजवळ डोक्यावरूनच गेल्यासारखा वाटला. त्यांनी हे सहज सांगितलं, पण सगळ्याचा निकाल त्यातच होता.

गुऱ्हाळापासून पन्हाळा सरळ रेषेत १५ किलोमीटरच्या आसपास. एखादा ड्रोन १०० मीटरवर उडत असेल, तर तो दोघांच्या डोक्यावर असणं शक्यच नाही. १० किलोमीटर उंचीवरून जाणारं प्रवासी विमान मामांच्या बरोबर डोक्यावर असेल, तर मावशींना ते डोक्यापासून पन्नासहून जास्त अंश कललेलं, क्षितिजाकडे झुकलेलं दिसेल. पण वस्तू ४०० किलोमीटर उंच असेल, तर दोघांच्या दिशेत फरक पडतो जेमतेम २ अंशांचा. लांब धरलेल्या हाताच्या दोन करंगळ्यांएवढा. हा फरक डोळ्याला जाणवत नाही. म्हणजे उजेड वातावरणाच्या कितीतरी वर होता. ड्रोनची गोष्ट इथेच संपली.

वर होता, तर कोसळत होता का? महाराष्ट्रानं तेही पाहिलेलं आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भ आणि खानदेशातल्या हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणारी रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीननं सोडलेल्या लाँग मार्च ३-बी रॉकेटचा तो भाग असल्याचं अभ्यासकांनी कक्षेच्या हिशेबावरून सांगितलं. पण असा तुकडा खाली येताना फुटतो, ठिणग्या मागे सोडतो, त्याचे पाच-दहा उजेड होतात. मामा आणि मावशी दोघंही सांगतात, हा एकच होता. शेवटपर्यंत एकच.

मग आम्ही त्या संध्याकाळचं उपग्रहांचं वेळापत्रक काढलं. कोणता उपग्रह कुठल्या गावावरून किती वाजता जाईल, हे कुणालाही मोबाईलवर बघता येतं. कोल्हापूरसमोर नोंद होती: ७ वाजून २५ नंतर वायव्येला उगवणार, वर चढणार आणि डोक्याजवळ येऊन दिसेनासा होणार. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक.

(दृश्य: पृथ्वीच्या सावलीची रेखाकृती.)

मामांचा शेवटचा प्रश्न उरला होता, आणि तो सगळ्यात चांगला होता. कुठं गेला, असं ते विचारत नव्हते. मधेच का विझला?

सूर्य मावळला की पंचगंगेचा काठ आधी काळवंडतो. पन्हाळ्याच्या माथ्यावर तेव्हाही ऊन असतं. पृथ्वीची सावली खालून वर चढत जाते. हिवाळ्यात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, आणि डोक्यावर ४०० किलोमीटर उंचीपर्यंत सावली पोचायला त्यानंतर साधारण दीड तास जातो. त्या दीड तासात खाली मिट्ट काळोख असला तरी वरून जाणाऱ्या स्थानकावर ऊन पडलेलं असतं. स्थानकाला असा बाहेर दिसणारा दिवा नाही. मामांनी पाहिलं ते स्थानकाच्या सौर पॅनेलवरून परतलेलं ऊन. साडेसातच्या आसपास सावलीची कड बरोबर आपल्या डोक्यावर आलेली असते. स्थानक त्या कडेत शिरलं आणि विझलं. विझण्याआधी क्षणभर तांबूस झालं होतं, हे मावशींनी आपणहून सांगितलं होतं. त्यांचं बघणं किती बारीक, हे त्यावरून कळतं: स्थानकावरच्या माणसांसाठी तो सूर्यास्त होता.

स्थानकाची रुंदी सुमारे १०९ मीटर, वेग ताशी २७,००० किलोमीटरहून जास्त. दीड तासात पृथ्वीला एक फेरी. नोव्हेंबर २००० पासून ते एक दिवसही रिकामं राहिलेलं नाही. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला तिथं पोचले, तिथं पाऊल ठेवणारे पहिले भारतीय.

हे मामांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ वर बघत राहिले. “म्हणजे ह्यात माणसं हुती?” होती, मामा. तुम्ही आदण उतरवत होता तेव्हा ती तुमच्या डोक्यावर होती.

(दृश्य: रंकाळ्याचा कठडा. पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस, त्याच्या वर एक ठळक प्रकाशबिंदू.)

आता तासभर एका जागी उभा राहिलेला उजेड. तो पाहणारे रंकाळ्यावर फिरायला आलेले होते. शालिनी पॅलेसच्या वर, रंग बदलत, थोडा थोडा हलत होता म्हणाले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनाच बरोबर घेऊन त्याच कठड्याशी उभे राहिलो. उजेड तिथंच. तो शुक्र होता.

हे ऐकून त्यांचे चेहरे उतरले, ते आम्हाला आवडलं नाही. शुक्रानं फसवलेले ते पहिले नव्हेत. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये सीमेवर तैनात जवानांनी महिनोन् महिने आकाशात दिवे पाहिले, चिनी ड्रोन समजून एकेक नोंद केली, आणि त्या नोंदी ३२९ झाल्या. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या, तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. अंधारात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की तो हलल्यासारखा वाटतो. त्यात बघणाऱ्याचा दोष नाही, डोळ्याची घडणच तशी आहे. आणि क्षितिजाजवळ हवेचा थर जाड. त्यात आपल्याकडे या दिवसांत ऊस तुटला की पाचट पेटतं आणि धूर खाली बसतो. अशा हलत्या हवेतून शुक्र लाल-हिरवा चमकणारच, आणि धुरानं आणखी तांबूस दिसणार.

व्हिडिओचं काम लवकर आटपलं. फाइलच्या नावात तारीख होती, आणि ती उजेड दिसला त्याच्या आधीच्या आठवड्यातली होती. ढगात फिरणारी चकती ठरावीक वाटेनं पुढे जाते, मागे येते. मिरवणुकीत लावतात त्या शार्पी नावाच्या फिरत्या दिव्याचा झोत पातळ ढगावर पडला की असाच दिसतो. ज्यानं हा जुना व्हिडिओ नव्या बातमीला जोडला, त्यानं मामा-मावशींचं खरं बोलणं दोन दिवस खोटं ठरवलं. याचा आम्हाला राग आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांनी रात्री ड्रोन फिरतात या बातम्यांपायी झोप घालवली, पोरं काठ्या घेऊन गस्त घालू लागली. अशा वेळी चुकीचा एक व्हिडिओ एखाद्या वाटसरूच्या जिवावर बेतू शकतो.

(दृश्य: मसाई पठार. वारा, गवत, मेंढरांचा कळप.)

एक गोष्ट मात्र उरली. मसाई पठाराच्या पायथ्याला राहणाऱ्या एका धनगर आजोबांनी त्याच आठवड्यात, पहाटे, वेगळंच काही पाहिलं. मेंढरं एकदम उठली म्हणून ते बाहेर आले. हिरवट झाक असलेला गोळा, दोन-तीन श्वासांत आकाश कापत गेला. जमिनीवर स्वतःची सावली सरकलेली त्यांनी पाहिली. आणि नंतर, सगळं शांत झाल्यावर, बऱ्याच वेळानं ढग गडगडल्यासारखा आवाज.

हा आवाज उशिरा येणं फार बोलकं आहे. आवाज सेकंदाला साधारण एक तृतीयांश किलोमीटर जातो. ५० किलोमीटरवर काही फुटलं, तर गडगडाट यायला अडीच मिनिटं लागतात. मोठी उल्का असेल तर असंच घडतं, आणि आजोबांना ही गणितं ठाऊक नव्हती. म्हणून त्यांचं सांगणं आम्हाला खरं वाटतं. तरी तो उल्काच होता असं आम्ही म्हणणार नाही, कारण पाहणारा एकच आहे.

शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून वातावरणाच्या स्वतःच्या मंद प्रकाशाचा अभ्यास झालेला आहे. सुमारे ९७ किलोमीटरवरची हिरवी झाक, २५० च्या आसपासची तांबडी, साध्या डोळ्याला न दिसणारी. त्यासाठी अख्खं आकाश एका चौकटीत पकडणारा कॅमेरा वापरतात. त्याच जातीचे दोन कॅमेरे दोन गावांत लावले, तर अशा गोळ्याची वाट नकाशावर आखता येते आणि तुकडा पडला असेल तर कुठं शोधायचा तेही ठरतं. कॅमेरे नाहीत तोवर डोळे आहेत.

त्या हिवाळ्यात, पहाटे, शाहूवाडीत, शिराळ्यात, गगनबावड्याच्या घाटात, खाली राजापूर-वैभववाडीकडे कुणी जागं असेल, दूध काढत असेल, एसटीची वाट बघत असेल आणि हा हिरवट गोळा दिसला असेल, तर आम्हाला कळवा. तुमच्या दारातून तो कुठल्या झाडाच्या, कुठल्या डोंगराच्या वरून गेला, डावीकडून उजवीकडे की उलट, आणि आवाज आला का, एवढंच सांगा. आजोबांनी आपल्या वाड्यासमोरच्या जांभळीच्या शेंड्यावर बोट ठेवून दिशा दाखवली आहे. ती रेघ आम्ही नकाशावर मारली आहे. तिला छेदणारी दुसरी रेघ हवी आहे.