बिडाचा आवाज

पुण्यात कुंभारवेशीला मडकं घेताना माणूस आधी ते वाजवून बघतो. शेजारच्या जुन्या बाजारात शेगडा, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारा बेंच व्हाइस, घेतानाही तेच करायचं. बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, तडा गेला असेल तर हातोडीच्या टिचकीला बद्द आवाज येतो. हा खणखणीत वाजला.

जळक्या ऑइलचा थर पुसला, तशी अक्षरं वर आली: रेकॉर्ड, नंबर 3. शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन कंपनीचा माल, जबडा 4 इंची.

आवळताना जबडा सरकत होता. सोडताना मात्र नुसता स्क्रूच बाहेर यायचा. म्हणजे स्क्रूला पुढच्या जबड्याशी अडकवून ठेवणारी आतली पिन तुटलेली. एवढ्याशा पिनेपायी अख्खा शेगडा भंगारात निघाला होता! नवी पिन लेथवर अर्ध्या तासात झाली.

वेळ खाल्ला तो जबड्यांवरच्या दातेरी पट्ट्यांच्या स्क्रूंनी. चार स्क्रू, चारही गंजून बसलेले. रॉकेल आणि ऑइल पाजून दोन दिवस ठेवले, मग गॅसने शेकले. तीन निघाले. चौथ्याचं डोकं तुटलं. तो मधोमध ड्रिल करून काढला आणि भोकाला टॅप मारून पुन्हा आटे पाडले.

गंजासाठी ग्राइंडर लावला नाही. त्याने गंजाबरोबर अक्षरंही गेली असती. प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी घेतलं आणि 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर जोडला. उणे टोक शेगड्याला, अधिक टोक भंगार लोखंडी पत्र्याला. स्टेनलेसचा पत्रा अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुड्यांमधून हायड्रोजन निघतो, म्हणून टब अंगणात ठेवला. सकाळी गंजाचा काळा चिखल झाला होता, तो ब्रशनेच निघाला.

मागच्या ऐरणीवरचे घाव तसेच ठेवलेत. पुट्टी भरून चकचकीत निळा रंग फासलेले शेगडे दिसतात छान, पण त्यावर काम करायला हात धजत नाही.

आटे पुसून ग्रीस भरलं, पट्ट्या बसवल्या. आता पकड दोन्हीकडे सारखी आहे का ते बघायला वर्तमानपत्राचे दोन कपटे, जबड्याच्या दोन टोकांना एकेक. आवळलं. उजवा कपटा ओढताना फाटला. डावा अलगद निघून आला. डाव्या पट्टीमागे पातळ पितळी पत्रा सारला. पुन्हा आवळलं, पुन्हा ओढलं.

दोन्ही फाटले.