बाईकवरून पडल्यावर हात लुळा पडलाय? नसेकडे वेळ किती असतो ते समजून घ्या

नमस्कार मंडळी, आजचा विषय दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असं मला मनापासून वाटतं. बाईकवरून पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे असा जोरात ताणला गेला की मानेतून हातात जाणाऱ्या नसांचा जो जुडगा असतो, ब्रेकियल प्लेक्सस, त्याला मार बसतो. हाड शाबूत, खरचटलेलं भरून आलं, पण हात लोंबकळतोय. मग घरातले, शेजारचे सगळे म्हणतात थांबा, नसेला वेळ लागतो, येईल हळूहळू. वेळ लागतोच हो, पण हातात वेळ आहे किती ते कुणी सांगत नाही.

नस म्हणजे नुसती वायर नाही. स्नायू हलवणारी पेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, मणक्याच्या आत मज्जारज्जूत बसलेली असते आणि तिचाच एक बारीक धागा, अ‍ॅक्सॉन, तिथून निघून थेट स्नायूपर्यंत जातो, पायाच्या पंजाकडे जाणारा तर जवळपास १ मीटर लांब. त्यामुळे दंडात नस तुटली तरी मोठ्या माणसात वरची पेशी बहुतेक वेळा जगते. खालचा तुटलेला तुकडा मात्र मरतो, ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं होतं.

पुढचं खरं बघण्यासारखं आहे. नसेच्या धाग्याभोवती असणाऱ्या श्वान (Schwann) पेशी आधी मेलेला कचरा साफ करतात, मग एकामागे एक रांगेत उभ्या राहून नव्या धाग्यासाठी वाट तयार करतात. तिकडे वरची पेशी सिग्नल पाठवायचं काम बाजूला ठेवून नवा धागा बांधायला घेते, आणि तो वाढतो दिवसाला साधारण १ मिलिमीटर. आता हिशोब करा, मानेपासून हाताच्या पंजापर्यंत ६०-७० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दोन वर्षं! आणि नसेविना राहिलेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर नवा धागा नीट स्वीकारत नाही, शिवाय वाट बघून बघून श्वान पेशींचा जोरही ओसरतो. धागा पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

याहून वाईट म्हणजे नस मज्जारज्जूतून मुळासकट उपटली जाणं. इथे मोटर न्यूरॉनच मरायला लागतात, उंदरांवरच्या प्रयोगांत तर काही आठवड्यांत बहुतेक मेलेले दिसतात, कारण त्यांना जगवणारी प्रथिनं मिळणं बंद होतं. मग ती प्रथिनं बाहेरून द्यायची ना? जीडीएनएफ नावाचं असं प्रथिन प्राण्यांत देऊन पाहिलंय, पेशी वाचतात, पण नवे धागे जिथे ते प्रथिन भरपूर आहे तिथेच गुंता करून बसतात, पुढे स्नायूकडे जातच नाहीत. म्हणून कुणी नस जगवणारं इंजेक्शन विकत असेल तर कृपा करून पैसे घालवू नका.

आज खरा उपयोग होतो तो सर्जरीचा. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत मला फार आवडते. पंजाकडे जाणारी अल्नर नस चांगली असेल तर तिच्यातला एक छोटा पदर काढून बायसेप्सच्या नसेला अगदी स्नायूजवळ जोडतात, अंतर काही सेंटिमीटरचं उरतं, त्यामुळे काही महिन्यांत बेटकुळी परत फुगायला लागते. सुरुवातीला मूठ आवळली किंवा मनगट वाकवलं की कोपर वाकतं, कारण मेंदूच्या लेखी ती नस अजून पंजाचीच असते, मग सरावाने दोन्ही वेगळं जमायला लागतं.

तर घरात कुणाचा हात असा असेल तर तीन-चार आठवड्यांनी ईएमजी-एनसीव्ही, म्हणजे नसा आणि स्नायूंमधले विजेचे सिग्नल मोजणारी तपासणी, करून घ्या, त्याआधी केलं तर चित्र अर्धवट येतं, मुळं उपटलीत का त्यासाठी डॉक्टर एमआरआय सांगतील. काच, कोयता अशाने कापून नस तुटली असेल तर मात्र थांबायचंच नाही, लगेच दाखवायचं. ताणलेल्या नसेत तीन महिन्यांत काहीच हालचाल आली नाही तर नसांची मायक्रोसर्जरी करणाऱ्या हँड किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा, ऑपरेशन शक्यतो सहा महिन्यांच्या आत झालेलं बरं. आणि तोवर खांदा, कोपर, बोटं दुसऱ्या हाताने रोज हलवत राहा, सांधे आखडले तर नस पोचूनही हात उघडणार नाही.