गाएताचा वेढा आणि नेपल्सचा शेवटचा राजा

मॅझिनी, काव्हूर आणि गॅरिबाल्डी ही नावे मराठी वाचकांच्या चांगली परिचयाची आहेत. परंतु ज्याचे राज्य बुडाल्यावाचून एकसंध इटली उभी राहणे शक्य नव्हते, त्या नेपल्सच्या दुसऱ्या फ्रान्सिसची बोळवण बहुतेक वेळा ‘दुबळा राजा’ या दोन शब्दांत केली जाते.

१६ जानेवारी १८३६ रोजी त्याचा जन्म झाला आणि पंधरवड्यातच त्याची आई मारिया क्रिस्टिना मरण पावली. ती उत्तरेकडील पीडमाँटवर राज्य करणाऱ्या सव्हॉय घराण्याची राजकन्या होती. पुढे ज्या घराण्याने त्याचे सिंहासन घेतले, ते त्याचे आजोळच होते.

२२ मे १८५९ रोजी वडील वारले आणि कारभाराचा फारसा अनुभव नसलेला तेवीस वर्षांचा हा अबोल, धर्मनिष्ठ तरुण दक्षिण इटली व सिसिलीचा राजा झाला. त्याच उन्हाळ्यात स्विस पलटणींनी बंड केले आणि त्या मोडाव्या लागल्या. त्यामुळे गरज पडण्याच्या जेमतेम वर्षभर आधी सैन्यातील सर्वांत भरवशाचा भाग नाहीसा झाला.

११ मे १८६० रोजी गॅरिबाल्डी सुमारे हजार स्वयंसेवकांसह सिसिलीत मार्सालाला उतरला. पालेर्मोत राजाचे हजारोंचे सैन्य असूनही सत्तरी ओलांडलेल्या सेनापतीने तहाची बोलणी करून शहर सोडले. फ्रान्सिसने २५ जूनला राज्यघटना दिली खरी, पण तोवर सिसिली जवळजवळ हातची गेली होती, आणि जी सवलत वर्षभरापूर्वी औदार्य ठरली असती, ती आता अगतिकता वाटली. त्याच्या कारकिर्दीचे खरे दुर्दैव भित्रेपणात नसून या उशिरात होते, असे आमचे मत आहे.

राजधानीत रक्तपात नको म्हणून ६ सप्टेंबरला त्याने नेपल्स सोडले. दुसऱ्याच दिवशी गॅरिबाल्डी शहरात आला, तोही फ्रान्सिसच्या बोर्बोन घराण्याच्या राजवटीतच घातलेल्या लोहमार्गावरून, आगगाडीने.

व्होल्तुर्नो नदीकाठची लढाई निष्फळ ठरल्यावर राजा गाएताच्या किल्ल्यात उभा राहिला. समुद्रात घुसलेल्या खडकाळ भूशिरावरील या किल्ल्याला नोव्हेंबरात पीडमाँटचा सेनापती चाल्दिनी याने वेढा घातला. त्याच्या नव्या, लांब पल्ल्याच्या तोफांपुढे किल्ल्यातील जुन्या तोफा अपुऱ्या पडत होत्या. फ्रेंच आरमार होते तोवर समुद्राची बाजू सुरक्षित होती. १९ जानेवारीला ते निघून गेले आणि तोही आधार सुटला. आत टायफसची साथ पसरली, आणि ५ फेब्रुवारीला दारूगोळ्याचे कोठार उडून तटाला खिंडार पडले. या सर्व काळात राजा आपल्या सैनिकांसोबत होता, आणि त्याची एकोणीस वर्षांची राणी मारिया सोफिया, ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथची धाकटी बहीण, तोफांच्या मोर्चांवर जात होती, जखमींची विचारपूस करत होती. दुबळेपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी हे तीन महिने हिशेबात धरायला हवेत.

१३ फेब्रुवारी १८६१ रोजी किल्ला शरण आला आणि दुसऱ्या दिवशी राजा-राणी फ्रेंच जहाजातून रोमकडे निघाली. १७ मार्चला इटलीच्या राज्याची घोषणा झाली. चिवितेल्ला देल त्रोंतो या किल्ल्याची शिबंदी मात्र त्यानंतरही तीन दिवस फ्रान्सिसच्याच नावाने लढत होती.

पुढची तेहतीस वर्षे परागंदा अवस्थेत गेली. एकुलती एक मुलगी तीन महिन्यांची होऊन दगावली. २७ डिसेंबर १८९४ रोजी, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या आर्को गावी फ्रान्सिसचे निधन झाले. १९८४ साली त्याचे, राणीचे आणि मुलीचे अवशेष नेपल्सच्या सांता कियारा चर्चमध्ये आणून पुरण्यात आले.