नाव काढणं आणि नावं ठेवणं

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात मी बरीच वर्षं कार्यक्रमांचं निवेदन करतो. पडदा उघडायच्या पाच मिनिटं आधी माझ्या हातात एक चिठ्ठी येते. पाहुण्यांची नावं, आणि नावाआधी लावायची विशेषणं. नौपाड्यातल्या एका कार्यक्रमात अशीच आली, घडीवर चहाचा डाग पडलेली. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, ‘ठाण्यातील नामचीन डॉक्टर’. लिहिणारा मुलगा विशीतला, घामाघूम. म्हटलं, “अरे, नामचीन म्हणजे कोण?” “फेमस ना, काका?” हिंदीच्या हिशेबानं त्याचं बरोबर होतं. पण आपल्या वर्तमानपत्रांत नामचीन असतो तो गुंड. मी खोडून ‘नामवंत’ केलं आणि डॉक्टर थोडक्यात वाचले.

तेव्हापासून हे ‘नाव’ प्रकरण माझ्या डोक्यात बसलंय. वागळे इस्टेटकडे जाताना विजेच्या खांबांवर कागद चिकटवलेले असतात, ‘नामांकित कंपनीत मुले-मुली पाहिजेत’. खाली मोबाईल नंबर. कंपनी नामांकित, आणि नाव तेवढं कुठे नाही!

आता साधं क्रियापद घ्या, ‘काढणं’. मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली की आजी म्हणते, “घराण्याचं नाव काढलंस गं!” आणि त्याच आजीचं धाकट्या दिरांशी बिनसलेलं असलं तर? “त्याचं नाव काढू नकोस माझ्यासमोर.” शब्द तेच, एकात पेढे, दुसऱ्यात कट्टी. बारशाला बाळाचं नाव ठेवतात. तेच अनेकवचनात गेलं, नावं ठेवली, की निंदा झाली. लग्नात नाव घेतात, शेतजमिनीला नाव लावतात, आणि ज्याला कुणी विचारत नाही तो ‘नावाला अध्यक्ष’. परक्याला हे मराठी शिकवायला बसणाऱ्याची मला खरंच कीव येते.

संस्कृतातून आलेले शब्द जरा गंभीर चेहऱ्याचे. पण त्यांच्याही पोटात बघा काय आहे. ‘ख्याती’मधला ‘ख्या’ म्हणजे सांगणं. व्याख्यान, आख्यान यांतला तोच. ‘कीर्ती’ आणि ‘कीर्तन’ एकाच घरचे. ‘विश्रुत’ म्हणजे तर सरळ ऐकलेला. म्हणजे लोकांच्या तोंडी आणि लोकांच्या कानी असलं की झाली कीर्ती. ‘लौकिक’ तर लोकांवरूनच पडलेला शब्द. स्वतःच स्वतःला ‘ख्यातनाम’ म्हणवणाऱ्यांची बॅनरवर कमी नसते, पण त्याची व्याकरणातच पंचाईत आहे.

सगळ्यात जास्त घसरला, असं माझं मत, तो ‘यश’. संस्कृतात यश म्हणजे कीर्तीच. आज आपण यश म्हणतो ते परीक्षेतलं, निवडणुकीतलं, धंद्यातलं. अपयश म्हणजे पूर्वी दुष्कीर्ती, आता नापास होणं. हरलेल्या माणसाचीही कीर्ती राहू शकते, पण आजच्या मराठीत त्याला ‘यशस्वी’ म्हणायची सोय उरलेली नाही.

‘प्रतिष्ठित’ मला आवडतो, कारण त्यात बैठक आहे. मूर्तीची प्रतिष्ठापना करतात, तीच ही प्रतिष्ठा. पक्कं बसवलेलं. ‘मातब्बर’ अरबीतून आला आणि पैसा-जमीनजुमला बरोबर घेऊन आला. आणि ‘मान्यवर’! तो आता इतका स्वस्त झालाय की व्यासपीठावर चढलेला प्रत्येक जण मान्यवर. मीही म्हणतो. पर्याय नसतो.

एकदा एका निवृत्त शिक्षकांची ओळख करून द्यायची होती. चिठ्ठीत ‘ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञ’. सर विंगेत उभे होते, चष्मा वर करून त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “ज्येष्ठ काढा. आणि तज्ज्ञसुद्धा.” “मग काय राहिलं, सर?” “शिक्षक राहिलं की.”

ठाणेकरांना मात्र विशेषणं लागतच नाहीत. राम गणेश गडकरी 1919 साली गेले, वयाच्या अवघ्या 33व्या वर्षी. त्यांनी कविता लिहिल्या ‘गोविंदाग्रज’ नावानं, विनोद लिहिला ‘बाळकराम’ नावानं. मासुंदा तलावाकाठी रंगायतन उभं राहिलं 1978 साली, आणि त्याला नाव मिळालं ते मात्र त्यांचं खरं. आता आम्ही ते पूर्ण घेतही नाही. “प्रयोग गडकरीला की घाणेकरला?” घाणेकर म्हणजे ठाण्यातलंच दुसरं नाट्यगृह, काशिनाथ घाणेकरांच्या नावाचं. वाशीकर त्यांच्या नाट्यगृहाबद्दल म्हणतात, “आम्हाला भावे जवळ.” विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं, आणि आज त्यांना ‘भावेला’ अशी चतुर्थी विभक्ती लावून लोक रिक्षावाल्याला पत्ता सांगतात.

कालच मित्राचा फोन आला. “रविवारी कुठे भेटायचं?”

म्हटलं, “गडकरीला. बाहेर, वड्याच्या गाडीपाशी.”

नमस्कार.